बरोबरीत सुटलेली कुस्ती

(द्वितीय वर्ष, कला)

कुस्ती कधी संपते? सातारा-सांगली भागातल्या कोणाही शाळकरी पोराला विचारा, तो चटकन सांगेल, की समोरच्याची पाठ मातीला लागली की संपली. दोन्ही खांदे टेकले, हलगी कडाडली, जिंकलेल्याला खांद्यावर घेतले, फेटा बांधला, झाले! परंतु ज्यांनी आमच्या बाजूची मैदाने नीट पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे, की पुष्कळशा कुस्त्या अशा संपतच नाहीत. दोघेही पैलवान तोडीस तोड असतात. एकाने पट काढावा, दुसऱ्याने सुटावे; एकाने घिस्सा मारावा, दुसऱ्याने तो परतवावा. वीस मिनिटे जातात, पंचवीस जातात. पाठ कोणाचीच लागत नाही. शेवटी पंच मध्ये पडतात. आता पुढे काय करायचे? या एका प्रश्नावर मला चार शब्द लिहायचे आहेत.

मुलीने कुस्तीवर कशाला लिहावे, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर साधे आहे. आमच्या घरात कुस्ती ही बघायची गोष्ट नाही, ती जगायची गोष्ट आहे. माझा थोरला भाऊ गावच्या तालमीत वाढला. वडील दुसऱ्याच्या शेतात राबतात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. जत्रांच्या हंगामात दादा गावोगाव कुस्त्या करतो. त्या इनामातून त्याचा खुराक चालतो आणि उरले तर घराला लागते. आमच्या गावात बायका मैदानाला जात नसत. त्यामुळे कुस्तीचा निकाल आम्हाला घरीच कळे. दादा दारात आला, की आई त्याच्या तोंडाकडे बघे आणि मी त्याच्या हातातल्या पिशवीकडे.

दोन वर्षांपूर्वी एका जत्रेत (गावाचे नाव मी लिहीत नाही) दादाची जोड तिसऱ्या नंबरला लागली होती. पत्रकावर इनाम छापले होते सहा हजार, आणि कुस्ती 'निकाली' असे लिहिले होते. समोरचा पैलवान दादाहून वजनाला जास्त. पंचवीस मिनिटे झाली. दिवस कलला होता, एक नंबरची मोठी कुस्ती अजून व्हायची होती, लोक ओरडायला लागले होते. तेव्हा पंचांनी दोघांना उभे केले आणि जाहीर केले, "आता दोन मिनिटे, गुणावर!" ही गोष्ट आधी कोणी सांगितली नव्हती. पत्रकावर नव्हती, जोड लावताना नव्हती. पंचवीस मिनिटे दादाच चढाई करीत होता, पण ती जमेला धरली गेली नाही. त्या दोन मिनिटांत समोरच्याने त्याला मागून धरून खाली ओढले, एक गुण घेतला आणि सगळे इनाम नेले. कुस्ती बरोबरीत सोडवली असती तर तीन हजार दादाला मिळाले असते. त्याच्या हातावर नारळ आला.

त्या वर्षी माझी फी बचत गटातून उचल करून भरली. ती फिटली. त्याबद्दल मला रडगाणे गायचे नाही. पण त्या रात्री दादा जेवताना जे बोलला ते माझ्या डोक्यातून गेले नाही. तो म्हणाला, "मी हरलो त्याचं काय नाय. आदी सांगितलं असतं तर मी येगळा लढलो असतो."

मित्र-मैत्रिणींनो, माझ्या सगळ्या म्हणण्याचे सार या एका वाक्यात आहे. ज्याला पाठ लावूनच जिंकायचे आहे तो पहिल्या मिनिटापासून जीव टाकतो. ज्याला ठाऊक आहे की शेवटच्या दोन मिनिटांत एक गुण पुरेल, तो दम राखून ठेवतो. म्हणजे बरोबरी कशी सोडवायची हा नियम खेळाच्या शेवटी लागू होत असला, तरी तो पैलवानाला सलामीपासूनच वागवतो. असा नियम मैदानात ऐनवेळी काढणे म्हणजे परीक्षेचा पेपर अर्धा लिहून झाल्यावर प्रश्न बदलण्यासारखे आहे.

ही अडचण काही आपल्याच मातीतली नाही. साऱ्या जगाने तिच्यापुढे डोके फोडून घेतले आहे. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये काय झाले ते पाहा. मधल्या वजनगटाच्या उपांत्य फेरीत रशियाकडून खेळणारा मार्टिन क्लाइन आणि फिनलंडचा आसिकाइनेन यांची कुस्ती लागली. निकाल लागेपर्यंत लढायचे असा नियम. अर्ध्या अर्ध्या तासाने थोडी विश्रांती घेत ते दोघे अकरा तास चाळीस मिनिटे लढले! अखेर क्लाइन जिंकला. पण तो इतका थकला होता, की अंतिम कुस्तीला उभाच राहू शकला नाही. सुवर्णपदक स्वीडनच्या योहानसनकडे गेले. त्याच ऑलिंपिकमध्ये त्यावरच्या वजनगटाची अंतिम कुस्ती, स्वीडनचा आलग्रेन आणि फिनलंडचा ब्योलिंग यांची, नऊ तास चालली आणि निकाल लागला नाही. तेव्हा पंचांनी ती बरोबरीत सोडवली, आणि दोघांनाही रौप्यपदक दिले. सुवर्ण कोणालाच नाही.

या दोन कुस्त्या शेजारी ठेवून पाहिल्या तर काय दिसते? पहिलीत निकालाचा हट्ट धरला, आणि जिंकणाऱ्याचीच शिक्षा झाली. दुसरीत बरोबरी मान्य केली, पण ती दोघांचा विजय म्हणून नव्हे, तर दोघांचा पराभव असल्यासारखी. नऊ तास झुंजूनही दोघे दुसरेच! मला वाटते, आपल्या मनातही बरोबरीबद्दल असाच आकस आहे. 'निकाल नाही ती कुस्ती कसली', हे वाक्य आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत मोठे झालो.

कुस्तीपासून थोडे दूर जाऊन दुसऱ्या एका खेळाचे उदाहरण सांगते, कारण त्या लोकांनी या प्रश्नाचा मला पटणारा एक मार्ग काढला आहे. कॅनडा-अमेरिकेत बर्फावरची हॉकी खेळतात. पायात पाते बसवलेले बूट, हातात काठी, आणि चेंडूच्या जागी रबराची चकती. वीस वीस मिनिटांचे तीन डाव. तिथली व्यावसायिक संघांची मोठी संघटना, नॅशनल हॉकी लीग, १९१७ साली सुरू झाली. त्यांच्या अजिंक्यपदाचा करंडक त्याहून जुना. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी तो १८९२ साली दिला. म्हणून त्याला स्टॅन्ली करंडक म्हणतात.

या खेळात बरोबरी झाली तर दोन वेगळे नियम आहेत. वर्षभर चालणारे साखळी सामने वेगळे आणि अजिंक्यपदाचे बाद सामने वेगळे. साखळी सामन्यांत पूर्वी जादा वेळ देत असत. १९४२ साली महायुद्धामुळे आगगाड्यांची वेळापत्रके सांभाळणे भाग पडले, तेव्हा तो बंद केला. पुढे चाळीस वर्षे साखळीतला सामना बरोबरीत सुटला तर सुटला. दोघांना एकेक गुण देऊन मंडळी घरी जात. १९८३ साली पाच मिनिटांचा जादा वेळ पुन्हा आला, आणि २००५ पासून त्यानंतरही बरोबरी राहिली तर एकेकाने गोलरक्षकासमोर जाऊन गोल मारायची पद्धत आली. पण अजिंक्यपदाच्या सामन्यांना यातले काही लागू नाही. तिथे वीस मिनिटांचा पुरा डाव पुन्हा, त्यातही गोल झाला नाही तर आणखी एक, असे पहिला गोल होईपर्यंत. १९३६ च्या मार्चमध्ये डेट्रॉइट आणि मॉन्ट्रियल मरून्स या संघांच्या सामन्यात सहावा जादा डाव चालू असताना ब्रुनेटो नावाच्या नवख्या खेळाडूने गोल केला, तेव्हा मध्यरात्र उलटून दोन वाजून गेले होते. १७६ मिनिटे ३० सेकंद खेळ झाला होता, आणि तो त्या सामन्यातला एकुलता एक गोल.

हा नियम कठोर वाटतो. पण त्यात एक न्याय आहे. प्रत्येक खेळाडूला सामना सुरू होण्याआधी ठाऊक असते, की आज अजिंक्यपदाचा सामना आहे, गोल होईपर्यंत घरी जायचे नाही. आणि जादा वेळेतही खेळ तोच राहतो; तेवढीच माणसे, तोच बर्फ, तोच गोल. दोन मिनिटांत वेगळाच खेळ खेळायला कोणी सांगत नाही. शिवाय डावांच्या मध्ये विश्रांती असते.

त्या करंडकाच्या इतिहासात एक वर्ष मात्र असे आहे, की निकालाचा हट्ट सोडावा लागला. १९१९ साली मॉन्ट्रियल आणि सिॲटल यांची अंतिम लढत चालू होती. पाच सामने झाले, दोघांचे दोन दोन विजय, आणि एक सामना जादा वेळेनंतरही बरोबरीत. तेवढ्यात फ्ल्यूच्या साथीने खेळाडू अंथरुणाला खिळले. आपल्याकडे म्हातारी माणसे जिला मानमोडी म्हणत, तीच ही साथ. पुढचा सामना रद्द झाला, करंडक कोणालाच दिला नाही, आणि जो हॉल नावाचा खेळाडू थोड्याच दिवसांत दवाखान्यात वारला. निकालापेक्षा माणसाचे शरीर मोठे, हे त्या वर्षी साऱ्यांना मान्य करावे लागले.

शरीराची गोष्ट निघाली, तर आपल्या सातारा जिल्ह्यालाच दूर जायला नको. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या प्रवासासाठी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण त्या स्पर्धेतली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. जपानच्या इशी याच्याशी त्यांची लांबलेली, दमवणारी कुस्ती झाली. त्यानंतर विश्रांती न देता त्यांना लगेच सोव्हिएत पैलवानाबरोबर उभे करण्यात आले, आणि दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम असताना तो दाखवून भांडायला भारताचा कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. नियम पुस्तकात होता, पण तो मैदानात बोलून दाखवणारे माणूस नव्हते. मला या गोष्टीत आणि दादाच्या गोष्टीत फार अंतर दिसत नाही. एक हेलसिंकीची, एक आडगावच्या जत्रेची, एवढाच फरक.

आता कोणी म्हणेल, की गुणांची पद्धत आली, आता हा प्रश्न राहिलाच कुठे? गादीवरच्या कुस्तीला आज तीन तीन मिनिटांचे दोन भाग असतात. गुण सारखे झाले तरी निकाल लागतो. ज्याचा डाव मोठ्या गुणाचा तो वर. तेही सारखे, तर ज्याला ताकीद कमी तो. आणि सगळेच सारखे असेल तर ज्याने शेवटचा गुण घेतला तो जिंकला. या नियमावर वाद घालता येईल. पण तो छापलेला आहे, दोघांना सारखा आहे, आणि पाटीवर आकडे सगळ्यांना दिसतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये आपल्या साताऱ्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटलांनी विशाल बनकर यांना ५ विरुद्ध ४ गुणांनी हरवले. एका गुणाचे अंतर. तरी किती गुण कोणाचे, हे शेवटच्या माणसाला समजत होते. त्याआधी २०२० च्या जानेवारीत पुण्याला हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके हे एकाच वस्तादांचे, काका पवारांचे, दोन पठ्ठे अंतिम फेरीत भिडले. निकाल ३ विरुद्ध २. जिंकलेल्या हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. नियम दोघांना मान्य असला म्हणजे हरण्यातही मान राहतो, तो असा.

पण छापील नियम असला म्हणजे सगळे भागले, असेही नाही. कुस्तीच्या जागतिक संघटनेने २००५ पासून काही वर्षे एक विचित्र नियम चालवला होता. दोन मिनिटांच्या फेरीत कोणालाच गुण मिळाला नाही, तर चिठ्ठी काढावी तशी रंगीत सोंगटी काढायची. ज्याचा रंग निघाला त्याला दुसऱ्याचा पाय धरून सुरुवात करायला मिळे, आणि बहुतेक वेळा तोच जिंके. वर्षानुवर्षे मातीत घाम गाळलेल्या माणसाचे नशीब एका सोंगटीवर! २०१३ च्या फेब्रुवारीत ऑलिंपिक समितीने कुस्ती वगळण्याची शिफारस केली, तेव्हा संघटनेचे डोळे उघडले आणि तो नियम मोडीत निघाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कुस्तीला ऑलिंपिकमधली जागा परत मिळाली. आणि अगदी अलीकडची गोष्ट म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला झालेली महाराष्ट्र केसरी. उपांत्य फेरीत खांदे टेकले की नाही यावरून वाद पेटला, पंचांवर पाय उगारला गेला, अंतिम कुस्ती वेळेआधीच सोडून एक पैलवान निघून गेला, आणि दोन नामांकित पैलवानांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर पाय उगारणे वाईटच. त्याचे समर्थन मी करणार नाही. पण एवढा मोठा किताब, आणि निकाल लोकांच्या गळी उतरला नाही, ही गोष्ट पैलवानांइतकीच संयोजकांनीही मनाला लावून घ्यायला हवी. निकाल नुसता लागून चालत नाही, तो पटावा लागतो.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप सांगते. तो आमच्या तालमीतल्या वस्तादांचा आहे, आणि मी त्यांच्याशी यावर पुष्कळ वाद घातला आहे. ते म्हणतात, "पोरी, बरोबरीत निम्मं इनाम ठेवलंस, तर दोगं पैलवान आदल्या रात्रीच ठरवून येतील. अर्धा तास एकमेकाला कुरवाळतील, आन् पैसं वाटून घेतील. लोकांनी काय बघायचं?" हा आक्षेप खोटा नाही. नुरा कुस्ती हा शब्द आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. आणि लबाडी नसली तरी भीती असतेच. १९१० साली लंडनमध्ये गामा पैलवानांसमोर पोलंडचा झिबिस्को उभा राहिला, तो पहिल्या दोन-चार मिनिटांत खाली पडला तो उठायलाच तयार होईना. अडीच तासांहून जास्त वेळ तो गादीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा कुस्ती ठरली, तर स्वारी आलीच नाही! १९२८ साली पतियाळात पुन्हा गाठ पडली, तेव्हा गामांनी त्याला मिनिटाच्या आत चीत केले. म्हणजे बरोबरीच्या आड भित्रेपणा लपू शकतो, हे वस्तादांचे म्हणणे शंभर टक्के खरे.

पण त्यावरचा उपाय ऐनवेळी 'दोन मिनिटे गुणावर' हा नाही. जो लढत नाही त्याला ताकीद द्यावी. दोघेही लढत नसतील तर दोघांचे इनाम कापावे. पंचांना तेवढा अधिकार आहेच आणि तो असावाच. फक्त जो लढला आणि जो नुसता लपला, या दोघांना एकाच मापाने मोजू नये. पंचवीस मिनिटे घाम गाळून लढलेल्या दोन पैलवानांची बरोबरी ही लबाडी नव्हे, तोही एक निकालच आहे. आज या दोघांत डावे-उजवे करता येत नाही, असे ती बरोबरी सांगते. हे सांगायला पंचाला लाज वाटण्याचे कारण काय?

म्हणून माझ्या मते बर्फावरच्या हॉकीवाल्यांनी केले तेच आपण करावे. रोजची कुस्ती आणि किताबाची कुस्ती, यांचे नियम वेगळे ठेवावेत. जत्रेतल्या सामान्य जोडी या साखळी सामन्यासारख्या आहेत. तिथे ठरल्या वेळेत पाठ लागली तर उत्तम, नाही लागली तर दोघांचे हात वर करून निम्मे निम्मे इनाम द्यावे. त्यात पैलवानाचा मान राहतो, आणि त्याच्या घरची चूलही राहते. कुंडलसारख्या मोठ्या मैदानातली एक नंबरची कुस्ती, किंवा गदेची, किताबाची कुस्ती असेल, तर मात्र निकाल हवा. एक गदा दोघांच्या खांद्यावर बसत नाही, हे मला मान्य आहे. तिथे जादा वेळ द्यावा. पण तो विश्रांती देऊन द्यावा, आणि तो किती व कसा, हे सलामीच्या आधी जाहीर झालेले असावे. आपल्याच मातीतल्या दुसऱ्या खेळांनी हे केव्हाच केले आहे. कबड्डीत बाद सामना बरोबरीत आला तर दोन्ही संघांना पाच पाच चढाया मिळतात. खो-खोत लघुत्तम आक्रमणाचा डाव असतो. तो खेळणाऱ्या शाळकरी मुलीलासुद्धा तो नियम पाठ असतो. मग ज्या कुस्तीला आपण मर्दानी खेळांचा राजा म्हणतो, तिच्यात नियम पंचांच्या मनात आणि लोकांच्या आरड्याओरड्यात का असावा?

हे करायला सरकारी हुकूम नको, पैसा नको. जत्रेच्या आधी यात्रा कमिटी पत्रक छापतेच. त्यावर देणगीदारांची नावे असतात, इनामाचे आकडे असतात, पैलवानांचे फोटो असतात. त्याच पत्रकाच्या तळाशी तीन ओळी छापाव्यात. कुस्तीची वेळ किती. वेळेत निकाल लागला नाही तर इनामाचे काय होणार. आणि गुण मोजायचे असतील तर ते पहिल्या सलामीपासून मोजणार की नाही. निवेदक तासन् तास माइकवर बोलत असतात. त्यांनी प्रत्येक जोड लागताना या तीन ओळी वाचाव्यात. आखाड्याच्या कडेला शाळेतला एक फळा ठेवून त्यावर एखाद्या पोराने गुण लिहिले तरी पुरे.

आपण कॉलेजातली मुले यात काय करू शकतो? आपल्यातले किती तरी जण गावाकडे यात्रा कमिटीत लिखापढीचे काम करतात. पत्रकाचा मजकूर आपणच लिहितो, छापखान्यात आपणच जातो. चार पुस्तके शिकल्याचा आपल्या गावाला उपयोग काय, असे लोक विचारतात, तेव्हा एवढे तरी आपल्याला करता येईल. ज्या घरांतून आपण आलो, त्या घरांत नियम तोंडी असतात आणि ते बहुधा मोठ्यांच्या सोयीने बदलतात. नियम लिहून घेणे आणि लिहिलेला मोठ्याने वाचून दाखवणे, हे मी तरी शिक्षणाचे पहिले काम समजते.

आमच्या भागाने कुस्तीला काय दिले हे मी सांगायला नको. शिराळ्याच्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनीही १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदके आणली, आणि दोघेही हिंदकेसरी झाले. २०२३ च्या मार्चमध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी याच सांगलीत झाली, आणि ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. ज्या मैदानाला आमच्या आया कधी गेल्या नाहीत, तिथे आता मुली लांग बांधून नव्हे, तर अंगभर पोशाखात गादीवर उतरत आहेत. त्यांच्यासाठी आखाडे नवे आहेत, स्पर्धा नव्या आहेत. निदान त्यांच्या बाबतीत तरी जुना घोटाळा नव्याने सुरू होऊ नये. पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक असावे, की कुस्ती कधी संपते, कोण संपवते, आणि बरोबरी झाली तर काय होते.

दादा अजून कुस्त्या करतो. आता जोड लावताना तो आधी विचारतो, "टाइम किती? आन् सुटली तर?" काही ठिकाणी पंच हसतात, काही ठिकाणी चिडतात. एकदोन ठिकाणी मात्र त्यांनी सरळ उत्तर दिले, आणि समोरचा पैलवानही कान देऊन ऐकत होता. हा प्रश्न पैलवानाला विचारावाच लागू नये, तो पत्रकावरच सुटलेला असावा, एवढीच माझी मागणी आहे. येत्या हंगामात ज्या गावचे पत्रक आपल्यापैकी कोणाच्या हातून छापायला जाईल, त्याने त्या तीन ओळी विसरू नयेत.